स्टडी व्हिसा की वर्क व्हिसा? आधी पैसे कोण भरतंय ते बघा

प्रश्न सोलापुरातल्या एका वडिलांचा आहे. मुलगा २५ वर्षांचा, मेकॅनिकल बी.ई., चिंचोळी एमआयडीसीत दोन वर्षं नोकरी, पगार २६ हजार. मुलगी बी.एस्सी. नर्सिंग, वॉर्डातला तीन वर्षांचा अनुभव. जुळे सोलापुरात घर, मोहोळकडे चार एकर शेती, घरात कुणीच आयटी रिटर्न भरत नाही. एक एजंट म्हणतो, पोराला यूकेला एक वर्षाच्या एमएस्सीला धाडा, तीन महिन्यांत वर्क परमिट करून देतो. दुसरा म्हणतो, १८ लाख द्या, कॅनडाची एलएमआयएवाली नोकरीच आणून देतो. मुलीलाही ‘हेल्थकेअर मॅनेजमेंट’ला विद्यार्थी म्हणूनच पाठवा, असा सल्ला मिळालाय. तर स्टडी घ्यावा की वर्क?

देश कुठला, हा प्रश्न नंतरचा. आधी एवढंच बघा की या व्यवहारात पैसे कोण कुणाला देतंय. वर्क व्हिसात तिकडच्या मालकाला तुमच्या हातातलं कसब आत्ता हवं असतं, म्हणून तो सरकारदरबारी फी भरतो, कागद करतो आणि वर पगार देतो. स्टडी व्हिसात उलट असतं. तुम्ही शिक्षण विकत घेता, आणि त्यासोबत नोकरी शोधायला थोडी मुदत मिळते. दोन्ही व्यवहार सरळ आहेत. वाकडं तेव्हा होतं, जेव्हा नोकरीसाठी तुमच्याकडूनच पैसे मागितले जातात, किंवा शिकायचं नसताना नोकरीच्या आशेने फी भरली जाते. तुमच्यापुढे ठेवलेले दोन्ही प्रस्ताव नेमके या दोन जातींचे आहेत.

एजंट स्टडीकडेच का ढकलतात, तेही समजून घ्या. प्रवेश झाला की बहुतेक खासगी आणि परदेशी विद्यापीठं एजंटाला फीमधून कमिशन देतात. वर्क व्हिसात त्याला कायदेशीर कमाई फारशी नसते, म्हणून तिथे तो तुमच्याकडून लाखांत मागतो. सगळे एजंट लबाड नसतात. पण त्याचं पोट कशावर चालतं हे माहीत असलं की त्याचा सल्ला ऐकताना कान नीट उघडे राहतात.

आधी कॅनडाचा निकाल लावून टाकू, कारण तो सोपा आहे. एलएमआयए म्हणजे ‘या जागेसाठी आम्हाला कॅनडात माणूस मिळत नाही’ असं मालकाने तिथल्या सरकारकडून मिळवलेलं पत्र. त्याची फी १,००० कॅनेडियन डॉलर, ती मालकाने भरायची असते आणि कामगाराकडून वसूल करता येत नाही. म्हणजे १८ लाख ही फी नाही, ती बेकायदा विक्री आहे. पूर्वी अशा नोकरीपत्रावर एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कॅनडाच्या गुणांवर चालणाऱ्या निवड पद्धतीत, कायम रहिवासाचे वाढीव गुण मिळत, म्हणून हा बाजार तेजीत होता. २५ मार्च २०२५ पासून ते गुण बंद झाले. कमी पगाराच्या जागांवरही २०२४ पासून, जिथे बेरोजगारी ६ टक्के किंवा जास्त आहे अशा शहरी भागांत, अर्ज घेणं थांबवलंय. एवढं होऊनही पत्र खोटं निघालं तर चुकीची माहिती दिल्याबद्दल अर्जदारावरच ५ वर्षांची बंदी येते. तिकडे अर्जावर सही मुलाची असते, एजंटाची नाही.

आता यूके. ‘तीन महिन्यांत वर्क परमिट’ हे वाक्य २०२३ च्या जुलैच्या आधीचं आहे. तेव्हा विद्यार्थी म्हणून उतरून लगेच कामाच्या व्हिसावर उडी मारता येत होती. १७ जुलै २०२३ पासून कोर्स पूर्ण झाल्याशिवाय ती मारता येत नाही. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. २१ वा तास भरला तरी नियमभंगच. आणि पगाराच्या नोंदी तिथल्या कर खात्याकडे जातात, त्यामुळे ‘कुणाला कळतंय’ असं म्हणायची सोय नाही. बायको-मुलांना सोबत न्यायची मुभा साध्या एमएस्सीवाल्यांना जानेवारी २०२४ पासून नाही.

खर्च मांडून बघू. फी १६,००० पाउंड धरा, मध्यम दर्जाच्या विद्यापीठात ती याच्या आसपास असते. लंडनबाहेर राहण्याचा खर्च म्हणून ९ महिन्यांचे दरमहा १,१७१ पाउंड दाखवावे लागतात, म्हणजे १०,५३९ पाउंड. एक वर्षाच्या कोर्सला व्हिसा साधारण १६ महिन्यांचा मिळतो आणि आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पाउंड, म्हणून दीड वर्षाचे १,१६४. त्यावर व्हिसा फी. पाउंड १२० रुपये धरला तर सगळं मिळून ३४ लाखांच्या घरात जातं. यातले ३० लाख कर्ज काढले आणि व्याजदर साडेदहा टक्के असला, तर शिक्षण आणि नंतरची सवलतीची मुदत संपेपर्यंत व्याज चढून ते ३५ लाखांच्या आसपास होतात. दहा वर्षांच्या फेडीचा हप्ता महिन्याला सुमारे ४७,००० येतो. हा आकडा एका कागदावर लिहा आणि शेजारी मुलाचा आत्ताचा २६ हजार पगार लिहा. नोकरी न मिळता परत यावं लागलं, तर या दोन आकड्यांमधली दरी कोण भरणार? उत्तर ‘जुळे सोलापूरचं घर’ असं असेल, तर ते घरातल्या सगळ्यांना आधी माहीत असू द्या.

परत यावं लागण्याची शक्यता किती, हे नियमच सांगतात. कोर्सनंतर नोकरी शोधायला ग्रॅज्युएट रूट मिळतो. आजवर तो दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचा असेल. सप्टेंबर २०२६ ला जाणारा मुलगा कोर्स संपवेल २०२७ मध्ये, म्हणजे १८ महिनेच धरा. त्या काळात त्याला पदवी-पातळीची, स्पॉन्सर परवाना (परदेशी माणूस नेमायची सरकारी परवानगी) असलेल्या मालकाची नोकरी हवी. स्किल्ड वर्कर या कामाच्या व्हिसाचा साधा पगार-उंबरठा २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० पाउंड आहे. शिक्षणातून नव्याने येणाऱ्यांना ३३,४०० ची सवलत मिळते, तीही त्या हुद्द्याचा ठरलेला दर पाळूनच. गोदामात, हॉटेलात किंवा डिलिव्हरीत कितीही मेहनत केली तरी त्यातून हा व्हिसा निघत नाही. एमएस्सीचा विषय ‘इंटरनॅशनल बिझनेस’ आणि हातात मशीनशॉपचा अनुभव, असा मुलगा दोन्हीकडून अर्धा पडतो. यूकेला जायचंच असेल तर विषय मेकॅनिकलला धरून हवा, आणि कोर्समध्ये एक वर्षाचं प्लेसमेंट, म्हणजे कंपनीत प्रत्यक्ष काम, असेल तर फार बरं.

तुमच्या मुलाच्या कागदांवरून मला जर्मनीचा रस्ता जास्त सरळ दिसतो. तिथे एकाच माणसासाठी तीन दारं आहेत, म्हणून इथे जरा थांबू.

पहिलं दार थेट नोकरीचं, म्हणजे ब्लू कार्ड. २०२६ साठी वर्षाचा किमान पगार ५०,७०० युरो; टंचाईच्या व्यवसायांना आणि नव्या पदवीधरांना ४५,९३४ युरो २० सेंट. इंजिनिअर टंचाईच्या यादीत येतात. पण दोन वर्षांच्या अनुभवावर, जर्मन न येता, सोलापुरात बसून अशी ऑफर मिळणं कठीण. ऑटोमेशन, पीएलसी, कॅड-कॅम, सीएनसी प्रोग्रॅमिंग असं काही हातात असेल तर प्रयत्न करावा. अर्ज फुकट असतो.

दुसरं दार संधी कार्डाचं, तिकडचा शब्द ‘शांसेनकार्टे’. १ जून २०२४ पासून सुरू झालेलं हे कार्ड म्हणजे एक वर्ष तिथे राहून नोकरी शोधायचा परवाना. पदवीला तिथे पूर्ण मान्यता मिळाली तर गुणांची भानगडच नाही. मान्यता पूर्ण नसेल, तर दोन वर्षांचं शासनमान्य शिक्षण, जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ (भाषेच्या पायऱ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ अशा चढत जातात), आणि वर ६ गुण. तुमच्या मुलाचे मोजून बघू. वय ३५ च्या आत: २. गेल्या पाच वर्षांत शिक्षणाशी जुळणारा दोन वर्षांचा अनुभव: २. टंचाईचा व्यवसाय: १. झाले ५. सहाव्यासाठी जर्मन ए-२ ला १ गुण आहे, इंग्रजी सी-१ लाही १. बी-१ जर्मन केलं तर त्याचे २ मिळतात आणि मग एखादा गुण कुठे नाकारला गेला तरी काठावर लटकावं लागत नाही. म्हणून ए-२ वर न थांबता बी-१ करा, असंच मी सांगेन. नोकरीच्या मुलाखतीत तर ए-२ चं जर्मन पहिल्या मिनिटात संपतं.

या कार्डावर आठवड्याला २० तास काम करता येतं आणि मालकाकडे दोन आठवडे चाचणी म्हणूनही राबता येतं. खर्चाची तरतूद मात्र दाखवावी लागते, २०२५ च्या दराने महिन्याला १,०९१ युरो, वर्षाचे १३,०९२. हे पैसे ब्लॉक्ड खात्यात ठेवतात. ते फी नव्हेत, तिथे गेल्यावर दरमहा तुमच्याच हातात परत येतात. इथे एक फसगत होते. पोरं कार्ड घेऊन उतरतात आणि पहिले चार महिने घर शोधणं, पत्ता नोंदवणं, बँक खातं यात जातात. नोकरीचे अर्ज निघेपर्यंत सहा महिने झालेले असतात. अर्ज इथूनच, निघायच्या तीन महिने आधीपासून सुरू करायचे, आणि जाताना दोन-तीन मुलाखती ठरवूनच विमानात बसायचं.

तिसरं दार मास्टर्सचं. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, फक्त सत्रशुल्क. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात बाहेरच्या देशांतल्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. ब्लॉक्ड खात्यात ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. युरो शंभर रुपयांच्या थोडा वर धरला तर बारा-साडेबारा लाख. वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं आणि पदवीनंतर १८ महिने नोकरी शोधायला मिळतात. यूकेच्या ३४ लाखांसमोर हे ठेवून बघा.

इथे अडतं ते गुणांवर आणि तारखांवर. जर्मन विद्यापीठं आपली सीजीपीए त्यांच्या श्रेणीत बदलून घेतात. सूत्र असं: कमाल गुणांतून मिळालेले वजा करा, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुणांनी भागा, तीनने गुणा, एक मिळवा. १० पैकी ७.२ असेल आणि उत्तीर्ण श्रेणी ४ असेल, तर २.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.४. तिकडे आकडा जितका लहान तितका चांगला, आणि कित्येक कोर्स २.५ ला दार लावतात. सीजीपीए ६.५ असेल तर उत्तर २.७५ येतं, मग नामांकित विद्यापीठांची यादी बाजूला ठेवून उपयोजित विज्ञानाची विद्यापीठं बघावीत. त्यांना ‘होखशूले’ म्हणतात. तिथे उद्योगाशी जवळीक जास्त असते, आणि शॉपफ्लोअरवर दोन वर्षं काढलेल्या मुलाला खरं तर तीच मानवतात.

विद्यार्थी व्हिसासाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, सक्तीचं आहे, फी १८,००० रुपये. दहावीपासून सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका लागतात. एटीकेटीच्या, नापास प्रयत्नांच्याही द्या, लपवू नका. हिवाळी सत्राच्या अर्जाची शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी १५ जुलै, काही ठिकाणी दीड महिना आधी. म्हणून एपीएस जानेवारी-फेब्रुवारीतच मार्गी लावायचं. संधी कार्डाला एपीएस लागत नाही. तिथे पदवी आणि विद्यापीठ दोन्ही ‘अनाबिन’ या जर्मन यादीत कसे नोंदलेत ते बघतात. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचं नाव २०१९ मध्ये बदललं, त्यामुळे त्या काळातल्या मुलांच्या काही गुणपत्रिकांवर जुनं नाव असतं, काहींवर नवं. यादीत दोन्ही नावांनी शोधा. यादीतल्या नोंदीवरून काम भागत नसेल तर पदवीचं तुलनापत्र २०८ युरो भरून मागवता येतं.

मग मुलाने काय करावं? आज नोंदणी करावी ती जर्मनच्या वर्गाची. ए-१ ते बी-१ ला नोकरी सांभाळून नऊ-दहा महिने लागतात. परीक्षा पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात द्यायची. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. तोवर अनुभव तीन वर्षांकडे जातो. बी-१ हातात आलं की संधी कार्ड आणि मास्टर्स, दोन्ही अर्ज करता येतात आणि आधी जे जमेल ते घेता येतं. भाषेवर गेलेले दहा महिने वाया जात नाहीत. ‘पुढच्या इनटेकला सीट संपेल’ म्हणून घाईत भरलेली फी मात्र जाते.

मुलीचं प्रकरण वेगळं आहे आणि खरं तर सोपं. तिला स्टुडंट म्हणून पाठवणं हा तुमच्या यादीतला सगळ्यात वाईट सल्ला. नोंदणीकृत नर्स हा तिकडे पैसे मोजून घेतला जाणारा माणूस आहे. तिने २५-३० लाख भरून व्यवस्थापनाची पदवी घ्यायची म्हणजे दुकानात माल असताना गिऱ्हाइकाच्या रांगेत उभं राहायचं. आणि वॉर्डापासून दोन वर्षं तुटल्यावर तिचा अनुभवही शिळा होतो.

यूकेसाठी तिथल्या नर्सिंग परिषदेची नोंदणी हवी. आयईएलटीएसमध्ये वाचन, ऐकणं, बोलण्यात ७ आणि लेखनात ६.५, किंवा ओईटी या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेत बी आणि लेखनात सी-प्लस. मग संगणकावरची परीक्षा भारतात, प्रात्यक्षिकाची परीक्षा तिकडे गेल्यावर. हेल्थ अँड केअर व्हिसावर आरोग्य अधिभार माफ. नैतिक भरतीच्या तिथल्या नियमांप्रमाणे एजन्सीने नर्सकडून फी घ्यायची नसते. सरकारी रुग्णालयांची परदेशी भरती दोन-तीन वर्षांपूर्वीइतकी राहिली नाही, तेव्हा फक्त यूकेवर विसंबू नये. आणि ‘केअर वर्कर’ म्हणून कुणी विचारलं तर सरळ नको म्हणा. तो रस्ता बाहेरून येणाऱ्यांसाठी २२ जुलै २०२५ ला बंद झालाय. आता जे विकतात ते रिकामं पाकीट.

जर्मनीत नर्सला कामाचा पूर्ण परवाना मिळायला भाषा साधारण बी-२ लागते. कागद तपासून तिथलं राज्य कळवतं की शिक्षणात काय कमी पडतंय. मग रुग्णालयातच काही महिन्यांचं जुळवणी-प्रशिक्षण किंवा ज्ञान-परीक्षा. हा काळ पगारी असतो. मालकाने पुढाकार घेऊन वेगवान प्रक्रिया लावली तर ४११ युरो शासकीय शुल्क आहे. ती मालकाला विचारायची गोष्ट, मुलीने स्वतः भरायची नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, त्यात नर्सिंगही आहे. त्या योजनेत सध्या काय चालू आहे याची चौकशी खासगी एजन्सीकडे जाण्याआधी करावी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मुदतीत नूतनीकृत ठेवा. ऐनवेळी ती संपलेली निघते आणि सगळं प्रकरण अडून बसतं.

आता पैशाचे कागद. सोलापूरकडच्या घरांची इथे हमखास अडचण होते, आणि ती व्हिसा अधिकाऱ्याच्या टेबलावर गेल्यावर कळते.

यूकेच्या स्टुडंट व्हिसाला रक्कम सलग २८ दिवस खात्यात लागते आणि तो काळ अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आत संपलेला हवा. मधे एक दिवस जरी शिल्लक आकड्याखाली गेली तरी अर्ज बाद. पाउंडचा भाव हलतो, म्हणून वर लाखभर जास्त ठेवा. खातं विद्यार्थ्याचं किंवा आई-वडिलांचं चालतं. काकांचं, मामांचं, आजोबांचं चालत नाही, मग कुटुंब कितीही एकत्र असो. पतसंस्थेतली ठेव धरू नका. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली नसते. सोनं, जमीन, एलआयसीची पॉलिसी हेही रोख धरत नाहीत. एजंट ‘२८ दिवसांसाठी पैसे पार्क करून देतो’ म्हणतात आणि त्यावर टक्केवारी घेतात. २६ हजार पगाराच्या घरात एका दिवसात २० लाख जमा दिसले की अधिकारी स्रोत विचारतो, आणि बनावट कागदाचा ठपका पडला तर यूकेची बंदी १० वर्षांपर्यंत जाते. शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र हा स्वच्छ मार्ग. ते विद्यार्थ्याच्या नावाचं आणि सहा महिन्यांच्या आतलं असलं की २८ दिवसांची भानगड नाही.

पण कर्जाला तारण काय? चार एकर शेती डोळ्यासमोर असते आणि बँक ती घेत नाही. कारण सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. कर्ज थकलं तर बँकेला तो कायदा वापरून ती विकता येत नाही. म्हणून घर, फ्लॅट किंवा बिगरशेती प्लॉट लागतो. जुळे सोलापूरचं घर चालेल. पण मंजूर बांधकाम नकाशा, एनए आदेश आणि मालकीची साखळी पूर्ण हवी. गुंठेवारीतला प्लॉट असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आधी काढा, त्याशिवाय बँकेचा वकील सर्च रिपोर्टवर सही करत नाही. मूल्यांकन आणि वकिलाचा अहवाल यात तीन-चार आठवडे सहज जातात. आयटी रिटर्न नसणं हे शेतकरी घराला नवीन नाही, शेती उत्पन्नाला कर नाही. पण मग तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, सात-बारा, आठ-अ, आणि ऊस जात असेल तर कारखान्याने बँकेत जमा केलेल्या बिलांचं तीन वर्षांचं स्टेटमेंट जोडा. नुसत्या उत्पन्न दाखल्यापेक्षा बँकेतून फिरलेला पैसा जास्त बोलतो. मुलाने मात्र या वर्षीपासून रिटर्न भरावं, कर बसत नसला तरी.

परदेशात वर्षाला १० लाखांवर स्वतःचे पैसे पाठवले तर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा कर, कापते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तो नाही. अनुसूचित जातीतलं कुटुंब असेल तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आधी बघा. त्यात विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये लागतं, म्हणून एजंटाच्या यादीतली विद्यापीठं तिथे बहुधा उपयोगाची नसतात.

अमेरिकेबद्दल विचारलेलं नाही, तरी दोन वाक्यं. तिथे सध्या उलटं गणित आहे: सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने बाहेरून मागवलेल्या नव्या एच-१बी, म्हणजे तिथल्या कामाच्या व्हिसाच्या, अर्जावर मालकाला १ लाख डॉलर पडतात, त्यामुळे थेट नोकरीवर जाणं सामान्य इंजिनिअरला जवळपास बंद आणि शिकायला जाऊन ओपीटीचे, म्हणजे पदवीनंतर काम करायच्या परवानगीचे, १२ अधिक २४ महिने वापरणं हाच रस्ता उरतो. त्यातही पुढे एच-१बीसाठी सोडतच, आणि खर्च यूकेपेक्षा मोठा.

आखाताचं थोडक्यात, कारण घरात कुणीतरी वेल्डर किंवा फिटर असतोच. तिथे स्टडी-वर्क हा प्रश्नच नाही, फक्त वर्क. एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा; त्याला कायद्याने ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं. ‘आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे बदलून देतो’ म्हणाला की उठून चालू लागा.

शेवटचं नावाचं, कारण यात कितीतरी अर्ज अडकतात. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांची स्पेलिंग तर आधारवर एक, दहावीच्या दाखल्यावर दुसरी. पासपोर्ट काढताना दहावीच्या दाखल्यावरची स्पेलिंग धरा आणि आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. रिकामा राहिला तर पुढे प्रत्येक अर्जात नाव उलटसुलट छापून येतं. फरक असेल तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्यायचं ते आत्ता, व्हिसाची तारीख मिळाल्यावर नाही.

आणि मुलाने व्हिसा पासपोर्टवर चिकटेपर्यंत चिंचोळीची नोकरी सोडू नये. सोडताना अनुभवपत्र कंपनीच्या लेटरहेडवर, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, हुद्दा, आठवड्याचे तास आणि कोणत्या मशीनवर काय काम केलं हे चार ओळींत लिहून घ्यावं. ‘समाधानकारक काम केले’ एवढंच पत्र असेल तर संधी कार्डाचे ते दोन गुण जातात. सोबत सगळ्या पगारपत्रका आणि पीएफचं पासबुक डाउनलोड करून ठेवावं. कंपनी पत्र द्यायला टाळाटाळ करत असेल तर एचआरकडे आत्ताच, नोकरीत असतानाच मागावं.